थकलेला शिपाई व न थकणारें दप्तर

इंग्रजी शिकविण्याचा धंदा पत्करलेल्या माणसाच्या वांट्यास एक काम न मागतां येतें, आणि तें म्हणजे गांवांतल्या लोकांचीं सरकारी पत्रें वाचून दाखविण्याचें. बँकेचीं, विमा कंपनीचीं, कोर्टकचेरीचीं, आणि अलीकडे मोबाइलवर आलेलीं देखील, अशीं नाना प्रकारचीं पत्रें आम्हीं कारंजाच्या आमच्या ओसरीवर बसून आजवर वाचलीं आहेत. त्यांपैकीं बहुतेकांचा अर्थ 'पैसे भरा' किंवा 'पैसे मिळणार नाहींत' या दोन वाक्यांत सांगून मोकळें होतां येतें. गेल्या उन्हाळ्यांत मात्र एक पत्र असें आलें कीं त्याचा अर्थ सांगतांना आमची जीभ अडखळली, आणि ती कां अडखळली हेंच या लेखांत सांगावयाचें आहे.

पत्र घेऊन आले ते आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील. पायदळांतून निवृत्त झालेले हवालदार. गांव तालुक्यांतलेंच, चार एकर कोरडवाहू जमीन, त्यांत भावांचा वांटा. मुलाच्या मोटारसायकलीवर मागें बसून दोन कोसांचें अंतर आलेला हा पंचेचाळिशीच्या आंतला, रुंद खांद्यांचा मनुष्य ओसरीवर टेकला आणि पाणी मागण्याच्या आधीं थोडा वेळ आडवें होण्याची परवानगी मागता झाला. ती मागतांना त्याच्या मुद्रेवर जी लाज होती ती आम्ही विसरूं शकत नाहीं. "सर, म्या काम चुकवलं नाही कधी," तो म्हणाला, "पन आता आंघोय केली तरी निजा लागते."

हकीकत थोडक्यांत अशी. सतराव्या वर्षीं भरती. सोळा वर्षें नोकरी. त्यांतलीं शेवटचीं उंच पहाडी मुलुखांत. तेथें एका हिवाळ्यांत ताप आला, तीन आठवडे इस्पितळांत काढले, ताप उतरला, पण माणूस उठला नाहीं. त्या दिवसापासून थोडें चाललें, थोडें ओझें उचललें, फार काय, अर्धा तास हिशेब लिहीत बसलें, कीं दुसऱ्या दिवशीं अंग मोडून येई, डोकें बधिर होई, आणि दोन दोन दिवस अंथरुणांत जात. झोंप लागे, पण झोंपेनें शीण जात नसे. पलटणींतल्या डॉक्टरानें प्रथम 'तापानंतरची अशक्तता' असें लिहिलें. पुढच्यानें 'मानसिक' असें लिहिलें. २०१७ सालीं खालच्या वैद्यकीय वर्गांत घालून त्यास घरीं पाठविण्यांत आलें. पुढें नागपूरच्या एका डॉक्टरानें सर्व तपासण्या करून, एकेक रोग वगळून, 'क्रॉनिक फटीग सिंड्रोम' म्हणजे दीर्घ थकव्याचा विकार असें निदान केलें. अपंगत्वाच्या पेन्शनीसाठीं केलेला अर्ज फेटाळला गेला, पहिलें अपील फेटाळलें गेलें, आणि आतां दुसरें अपील फेटाळल्याचें पत्र आमच्या हातांत होतें.

पत्रांत मुद्द्याचे शब्द तीनच होते. विकार सेवेस 'ॲट्रिब्युटेबल' नाहीं. सेवेनें तो 'ॲग्रॅव्हेटेड' हि झालेला नाहीं. आणि तो 'कॉन्स्टिट्यूशनल' आहे. म्हणजे सेवेमुळें उद्भवला नाहीं, सेवेमुळें बळावला नाहीं, तर तो मूळ प्रकृतींतलाच. हवालदाराचा मुलगा बी. ए. च्या दुसऱ्या वर्गांत राज्यशास्त्र घेऊन बसलेला. त्यानें पत्र आधींच कोशाच्या मदतीनें वाचून पाहिलें होतें. त्यानें आम्हांला विचारलें, "सर, बाबांचा आजार घटनात्मक आहे म्हणजे काय?"

आम्ही हंसलों नाहीं. मुलाचा अर्थ चुकला खरा, पण दप्तरानें त्या शब्दाचा जो अर्थ केला आहे तो मुलाच्या अर्थापेक्षां अधिक शहाणपणाचा आहे असें आम्हांस मुळींच वाटत नाहीं. सतराव्या वर्षीं ज्याची छाती मोजली, डोळे तपासले, मैलोगणती पळवून पाहिलें, आणि धडधाकट म्हणून ज्याला पत्करलें, त्याची 'प्रकृति' सोळा वर्षांनीं आपोआप ढांसळली, आणि त्या सोळा वर्षांत तो ज्या बर्फांत, ज्या उंचीवर, ज्या रात्रपाळ्यांत होता त्यांचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं, असें म्हणावयाचें असेल तर तें म्हणणाऱ्यानें कारण दाखवावयास नको काय? बैल बाजारांत घेतांना दांत पाहून घेतला, दहा वर्षें औतास जुंपला, आणि पुढें तो बसला तेव्हां 'हा जन्मतःच बसका होता' असें म्हणणाऱ्या शेतकऱ्यास आमच्या वऱ्हाडांत काय म्हणतात तें येथें लिहितां येत नाहीं.

वास्तविक, कायदा स्वतः हेंच सांगत आला आहे, आणि संतापाची गोष्ट आहे ती हीच. १९८२ सालच्या पेन्शन-पात्रतेच्या नियमांत स्पष्ट होतें कीं, भरतीच्या वेळीं ज्या व्यंगाची नोंद झाली नाहीं तें व्यंग त्या वेळीं नव्हतें असें धरून चालावें; पुढें प्रकृतीच्या कारणानें माणूस बाहेर पडला तर तो बिघाड सेवेमुळें झाला असें मानावें; हक्क सिद्ध करण्याचें ओझें अर्जदारावर टाकूं नये; आणि वाजवी संशय असेल तेथें त्याचा फायदा शिपायास द्यावा. रोग असा होता कीं भरतीच्या वेळीं तो ओळखतांच आला नसता, असें डॉक्टरांस म्हणावयाचें असेल तर त्यांनीं त्याचीं कारणें लिहावींत, अशीहि अट होती. २ जुलै २०१३ रोजीं धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें हेच नियम उलगडून सांगितले. १९८५ सालीं भरती झालेल्या आणि १९९४ सालीं फेफऱ्याच्या कारणानें घरीं पाठविलेल्या त्या शिपायाचा रोग प्रकृतिगत आहे असें बोर्डानें म्हटलें होतें. पण कां, तें म्हटलें नव्हतें. न्यायालयानें कारण नसलेलें मत हें मतच नव्हे असें ठरवून पेन्शन देवविली. त्यानंतरच्या वर्षीं दुसऱ्या एका खटल्यांत त्याच न्यायालयानें असेंहि सांगितलें कीं, सरकारनें ज्याला अपंग म्हणून नोकरींतून काढलें त्याचें अपंगत्व शेंकडा २० हून कमी आहे असें सरकारास म्हणतां येणार नाहीं. आणि अगदीं अलीकडे, २०२५ च्या मे महिन्यांत, मनोविकाराच्या सबबीवर घरीं पाठविलेल्या एका शिपायाच्या खटल्यांत कारणें न देणाऱ्या बोर्डाच्या मताची तीच गत झाली. बारा वर्षें एकच धडा गिरविला जात आहे, आणि विद्यार्थी दरवेळीं पाटी कोरी घेऊन येतो!

मध्यंतरीं काय झालें, तर २००८ सालीं नवे नियम आले आणि त्यांत जुन्या नियमांतलें तें उदार गृहीत पातळ करण्यांत आलें. रोग सेवेच्या काळांत दिसला एवढ्यावरून तो सेवेमुळें झाला असें ठरत नाहीं, असें वाक्य तेथें आलें. वाक्य तर्कशास्त्राच्या दृष्टीनें निर्दोष आहे. आम्हीहि वर्गांत 'त्याच्यानंतर म्हणून त्याच्यामुळें' या हेत्वाभासाची फोड करून सांगत असतों. पण हेत्वाभास दोन्ही अंगांनीं होतो, हें दप्तर विसरतें. 'नंतर' म्हणून 'मुळें' नव्हे, हें जितकें खरें, तितकेंच 'मुळें' सिद्ध झालें नाहीं म्हणून 'शिवाय' सिद्ध झालें असें नव्हे, हेंहि खरें. ज्याचें कारण वैद्यकशास्त्रास अजून पुरतें सांपडलेलें नाहीं अशा विकाराविषयीं 'तो सेवेमुळें झाला नाहीं' हें ठाम विधान कोणत्या ज्ञानाच्या आधारावर केलें जातें? अज्ञानाचा फायदा एका पक्षास द्यावयाचाच असेल तर तो कोणास द्यावा, एवढाच येथें प्रश्न आहे. आणि ज्याच्यापाशीं सर्व नोंदी, सर्व इस्पितळें व सर्व वकील आहेत त्यास तो द्यावा असें उत्तर आजपर्यंत मिळत आलें आहे.

आतां या विकाराबद्दल. आमची भाषा श्रमाच्या बाबतींत मोठी जाणती आहे. दमणें हें श्वासाचें, भागणें हें हातापायांचें, शिणणें हें शरीर आणि मन दोहोंचें; गळून जाणें हें त्यापुढचें. पण या साऱ्या शब्दांच्या पोटीं एक गोष्ट गृहीत आहे कीं, विसावा घेतला म्हणजे शीण जातो. विसाव्यानें न जाणाऱ्या शिणाला आमच्याकडे शब्द नाहीं; आणि शब्द नसला म्हणजे लोक जवळचा शब्द वापरतात. तो शब्द 'आळस'. त्याहून वाईट म्हणजे 'ढोंग'. हवालदाराचे सख्खे भाऊ, पऱ्हाटीच्या निंदणाच्या दिवसांत, 'पेन्शन खातो आन् निजतो' असें चारचौघांत बोलतात, हें त्याच्या मुलानें आम्हांस बाजूला नेऊन सांगितलें.

इंग्रजी नांवानेंहि या रोगाचें कल्याण केलें नाहीं. 'क्रॉनिक फटीग' हें नांव १९८८ सालीं अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या तज्ज्ञांनीं रूढ केलें, आणि ऐकणाऱ्यास वाटूं लागलें कीं हा आपल्या रोजच्या थकव्याचाच मोठा भाऊ. त्याच्या कितीतरी आधीं, १९६९ सालीं, जागतिक आरोग्य संघटनेनें याच विकारास दुसऱ्या एका लांबलचक नांवानें मज्जासंस्थेच्या रोगांत जागा दिली होती. २०१५ सालीं अमेरिकेंतील वैद्यकीय संस्थेनें मोठा अहवाल काढून सांगितलें कीं, हा मनाचा खेळ नसून शरीराचा गंभीर रोग आहे, आणि त्याचें मुख्य लक्षण थकवा हें नसून श्रमानंतर होणारा बिघाड हें आहे. नांवहि तसेंच बदलावें अशी शिफारस तिनें केली. ऑस्ट्रेलियांतील एका गांवीं तीन वेगवेगळ्या साथींच्या तापांनीं आजारी पडलेल्या २५३ माणसांचा माग ठेवून २००६ सालीं प्रसिद्ध केलेला अभ्यास आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. त्यांतील शेंकडा सुमारे १२ माणसें सहा महिन्यांनंतरहि हा थकवा घेऊन होतीं. आणि कोण उठणार व कोण उठणार नाहीं हें ठरविणारी गोष्ट मूळ तापाची तीव्रता ही होती, माणसाचा स्वभाव किंवा त्याचें पूर्वीचें मन ही नव्हती. हवालदाराचा तीन आठवड्यांचा ताप सरकारी इस्पितळाच्या कागदावर आहे. त्या कागदाचा उल्लेख फेटाळणीच्या पत्रांत एका अक्षरानें नाहीं!

श्रमानंतरचा बिघाड म्हणजे काय, हें जर मेडिकल बोर्डानें समजून घेतलें असतें तर त्याच्या तपासणीची रीतच बदलली असती. या रोग्यास आज काम करतां येतें. त्याची किंमत तो उद्यां किंवा परवां मोजतो. सायकलसारख्या यंत्रावर श्वास मोजून केलेल्या चांचणींत पुष्कळ रोगी पहिल्या दिवशीं बऱ्यापैकीं उतरतात आणि दुसऱ्या दिवशीं तीच चांचणी घेतली तर त्यांची शक्ति घसरलेली दिसते. बोर्ड काय करतें? रोग्यास आधीं सांगून बोलावतें. तो आदल्या दोन दिवसांत अंथरुणावरून हालत नाहीं, उरलेली सारी शक्ति गोळा करतो, दाढी करून, कपडे कडक इस्त्री करून, सोळा वर्षांच्या संवयीनें टाचा जुळवून उभा राहतो. बोर्ड त्यास पाहतें, नाडी मोजतें, हातपाय हलवून पाहतें आणि लिहितें कीं प्रकृति ठीक दिसते. तिसऱ्या दिवशीं हा मनुष्य घरीं भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो तेव्हां बोर्ड दुसऱ्या गांवीं दुसऱ्याची नाडी मोजीत असतें. शिस्तीनें उभें राहणें हा ज्याचा धर्म, त्याच्या उभें राहण्याचाच त्याच्याविरुद्ध पुरावा केला जातो.

वर्गीकरणाच्या कोष्टकानेंहि येथें मोठा घोटाळा केला आहे. रोगांच्या आंतरराष्ट्रीय यादीच्या दहाव्या आवृत्तींत विषाणूच्या तापानंतरचा थकवा मज्जासंस्थेच्या प्रकरणांत होता, आणि 'न्यूरस्थेनिया' या जुन्या नांवाचा थकवा मनोविकारांच्या प्रकरणांत. एकाच माणसाला एका दारानें आंत घेतलें तर तो तापानें खचलेला शिपाई ठरे, दुसऱ्या दारानें घेतलें तर दुबळ्या मनाचा. कोणत्या दारानें घ्यावयाचें हें पुष्कळदां त्या दिवशीं टेबलापाशीं बसलेल्या डॉक्टरावर अवलंबून. आणि हवालदाराच्या कागदांत दोन्ही दारांचे शिक्के आहेत.

कोणी म्हणेल कीं हीं आजकालचीं नाजुक दुखणीं आहेत, जुन्या शिपायांस असलें कांहीं होत नव्हतें. असें म्हणणाऱ्यांनीं इतिहास पाहावा. अमेरिकेंतील यादवी युद्धांतल्या शिपायांना तपासून जेकब द कॉस्टा या डॉक्टरानें १८७१ सालीं एक निबंध लिहिला. त्यांत ताप किंवा अतिसार होऊन गेल्यावर धांप, छातींत धडधड आणि अतोनात थकवा यांनीं लढण्यास निकामी झालेल्या, पण हृदयांत कोठें बिघाड न सांपडणाऱ्या शिपायांचीं वर्णनें आहेत. पहिल्या महायुद्धांत ब्रिटिश सैन्यांत याचा इतका सुळसुळाट झाला कीं सर टॉमस लुईस या हृदयतज्ज्ञास त्यासाठीं खास इस्पितळ चालवावें लागलें. त्यांनीं 'एफर्ट सिंड्रोम', म्हणजे श्रमाचा विकार, असें त्यास नांव दिलें आणि १९१८ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. तो प्रश्न जितका वैद्यकाचा होता तितकाच पेन्शनीचा होता. त्याच युद्धांत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी मेसापोटेमियांत कुट येथें वेढ्यांत सांपडल्या होत्या. डिसेंबर १९१५ पासून एप्रिल १९१६ अखेरपर्यंत उपासमार, रक्तपिती आणि अतिसार सोशीत त्या तेथें लढल्या आणि पुढें कैदेंत गेल्या. त्यांतून जे परत आले ते कोंकणांत, देशावर आपल्या घरीं आले तेव्हां त्यांतील किती जण अंगणांतल्या बाजेवरून उठूं शकत नव्हते, हें कोण्या हृदयतज्ज्ञानें लिहून ठेवलें नाहीं. नांव नव्हतें म्हणून दुखणें नव्हतें, असें कसें म्हणावें?

आतां प्रतिपक्षाचा खरा आक्षेप घेऊं, कारण तो पोकळ नाहीं. अपंगत्वाच्या पेन्शनीचा गैरफायदा घेतला जातो, अशी ओरड आहे. आयुष्यभर गुबगुबीत खुर्चींत बसलेला मोठा अधिकारी निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब किंवा मधुमेह दाखवून अपंग होतो, आणि त्या पेन्शनीवर आयकरहि लागत नाहीं, म्हणून हा मोह वाढतो, असें म्हटलें जातें. महालेखापालांनीं या खर्चावर बोट ठेवलें आहे. २०१९ सालीं आयकर खात्यानें, प्रकृतीच्या कारणानें मुदतीआधीं बाहेर पडलेल्यांपुरतीच ही माफी आहे असें परिपत्रक काढलें आणि तें प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. आणि २१ सप्टेंबर २०२३ पासून अंमलांत आलेल्या नव्या नियमांनीं पुष्कळ गोष्टी आणखी आवळल्या. असे लबाड अधिकारी असतील, आणि आहेत असें आम्ही मानून चालतों. पण लबाडी पकडण्याची ही कोणती रीत कीं जिच्यांत लबाड सुटतो आणि खरा सांपडतो? मोठ्या हुद्द्याच्या माणसास कोणत्या कागदावर काय लिहून घ्यावें हें ठाऊक असतें. इस्पितळांतला वरिष्ठ डॉक्टर त्याचा मेसमधला सोबती असतो. दिल्लींत त्याचा वकील असतो. जाळें आवळलें कीं मोठा मासा त्यास फाडून जातो, आणि अडकतो तो आमचा हवालदार. शिवाय लबाड मनुष्य ढोंगासाठीं असला रोग कशास निवडील? ज्याचा रक्तांत पुरावा नाहीं, फोटोंत पुरावा नाहीं, ज्याच्या नांवासरशी डॉक्टर भुवया वर करतो, आणि ज्याच्यापायीं सख्खे भाऊ आळशी म्हणतात! ढोंगच करावयाचें तर पाठदुखी आहे, रक्तदाब आहे.

पैशाचा हिशेबहि सांगून टाकूं, म्हणजे राष्ट्राच्या तिजोरीस केवढें भगदाड पडतें तें वाचकांस कळेल. जुन्या नियमांप्रमाणें शंभर टक्के अपंगत्वास शेवटच्या पगाराच्या शेंकडा ३० इतकी रक्कम मिळे. अपंगत्व निदान शेंकडा २० असेल तर तें पन्नासावर नेऊन मोजावयाचें, हा नियम. म्हणजे शेंकडा १५. पगार चाळीस हजार धरला तर महिना सहा हजार रुपये. या सहा हजारांसाठीं मुलगा दिवाळीनंतर जिनिंगमध्यें रात्रपाळी करतो आणि सकाळच्या तासाला डुलक्या घेतो. त्याला आम्हीं गेल्या वर्षीं दोनदां वर्गाबाहेर काढलें होतें, तें आतां आम्हांस बोंचतें.

आणि या सहा हजारांविरुद्ध सरकार किती खर्च करतें? पन्नासावर नेऊन मोजण्याच्या त्याच नियमाचा लाभ, मुदत पुरी करून निवृत्त झालेल्यांस नाकारण्यासाठीं सरकारनें सर्वोच्च न्यायालयांत अपिलांमागून अपिलें केलीं. १० डिसेंबर २०१४ रोजीं न्यायालयानें अशीं शेंकडों अपिलें एका गठ्ठ्यानें फेटाळलीं. प्रत्येक अपिलाच्या मागें एक अपंग शिपाई, ज्यास खालच्या न्यायाधिकरणांत जय मिळाला होता आणि तरी ज्याला पैसे मिळाले नव्हते. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री होते तेव्हां, २०१५ सालीं, त्यांनीं या खटलेबाजीस आळा घालण्यासाठीं तज्ज्ञांची समिति नेमली. तिनें त्याच वर्षीं अहवाल दिला आणि अपंग सैनिकांविरुद्धच्या अपिलांवर कडक शब्दांत टीका केली. अहवाल झाला, पत्रें मात्र जुन्याच साच्यांतून निघत आहेत.

न्यायाची वाट तरी कशी? २००७ च्या कायद्यानें सशस्त्र सेना न्यायाधिकरण झालें व २००९ च्या ऑगस्टांत तें सुरू झालें; उद्देश हा कीं शिपायास लवकर व स्वस्त न्याय मिळावा. उद्देश चांगला होता. पण आमच्या महाराष्ट्रास त्याचें पीठ मुंबईस. कारंजाहून मूर्तिजापूर गांठावें, तेथून रात्रीची आगगाडी. पूर्वी मूर्तिजापूरपर्यंत शकुंतला तरी होती, रडतखडत कां होईना, तीहि आतां बंद. समृद्धि महामार्ग गांवाजवळून गेला आहे खरा, पण त्यावरून जावयास मोटार लागते. न्यायाधिकरणाच्या निकालावर उच्च न्यायालयांत दाद मागण्याचा रस्ता २०१५ च्या एका निर्णयानें जवळजवळ बुजला आणि तो २०२३ च्या मार्चमध्यें पुन्हां मोकळा झाला. मधलीं आठ वर्षें नागपूरचें दार समोर असून सामान्य शिपायानें दिल्लीची वाट धरावी, अशी अपेक्षा होती!

पांचशें किलोमीटरांहून लांब जावयाचें, तारखेस उभें राहावयाचें, पुढची तारीख घेऊन परत यावयाचें, हें कोणासहि जड. पण ज्याचा रोगच असा कीं एका दिवसाच्या श्रमाचें प्रायश्चित्त तीन दिवस घ्यावें लागतें, त्यास काय? तो गेला नाहीं तर दावा बुडतो. तो गेला, आणि दर तारखेस वेळेवर हजर राहिला, तर समोरचा वकील म्हणावयास मोकळा कीं, इतक्या खेपा करणारा मनुष्य अपंग कसला? अपील हीच या रोग्याची दुसरी मेडिकल तपासणी होऊन बसते, आणि तींत तो कसाहि वागला तरी नापास होतो.

अमेरिकेकडे पाहा, असें आम्ही सहसा म्हणत नाहीं. आमच्या वर्गाच्या लोकांस ती खोड फार आहे. पण येथें तो दाखला दोन्ही बाजूंनीं बोधक आहे. १९९०-९१ च्या आखाती युद्धांत सुमारे सात लक्ष अमेरिकन सैनिक गेले. त्यांतील पुष्कळांस परतल्यावर असाच न उलगडणारा थकवा जडला. प्रथम त्यांनाहि मानसिक म्हणून घालवून दिलें गेलें. पण १९९४ सालीं तेथील कायदेमंडळानें ठरविलें कीं, कारण सांपडत नसलें तरी त्या युद्धांत गेलेल्याचा असा आजार सेवेमुळेंच झाला असें गृहीत धरावें. आणि २००१ च्या दुरुस्तीनें दीर्घ थकव्याचा विकार नांवानिशीं त्यांत आला. अपंगत्वाचे टक्के ठरविण्याचें मापहि त्यांनीं व्यवहारी केलें: आजारापूर्वीं मनुष्य जेवढें काम करीत असे त्याच्या मानानें आज किती करतो. आमच्याकडे नाडी मोजतात. तिकडे दिवस मोजतात.

कायदा झाला म्हणून सारें झालें असें मात्र नव्हे. तेथील सरकारच्याच हिशेबतपासनिसांनीं २०१७ सालीं दाखवून दिलें कीं, या आखाती विकारांचे दावे मंजूर होण्याचें प्रमाण शेंकडा १७ च्या आसपास, म्हणजे इतर दाव्यांच्या एक-तृतीयांश. आणि तपासणाऱ्या डॉक्टरांपैकीं फारच थोड्यांनीं या विकाराचें शिक्षण घेतलेलें होतें. म्हणून आमचें म्हणणें केवळ नवा नियम करा असें नाहीं. नियम आपल्याकडे १९८२ सालीं पुरेसा चांगला होता. बोर्डावर बसणाऱ्या डॉक्टरानें हा विकार शिकावा. रोग्यास एका दिवशीं नव्हे तर लागोपाठच्या दिवसांत पाहावें. घरच्या माणसांची जबानी घ्यावी, कारण तिसऱ्या दिवसाचे साक्षीदार तेच. आणि 'प्रकृतिगत' हा शब्द लिहावयाचा असेल तर त्याखालीं चार ओळी कारण लिहावें. चार ओळी लिहितां येत नसतील तर तो शब्दहि लिहूं नये.

त्या दिवशीं पत्राचा अर्थ सांगून झाल्यावर हवालदार बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "पैशाचं राहू द्या सर. पलटनीत झालं, येवढं लिहून देतीन का ते?" आम्हीं उत्तर दिलें नाहीं, पत्राच्या मागच्या बाजूस तारखा मांडीत बसलों. न्यायाधिकरणाकडे जाण्याची मुदत मोजली. अकोल्याच्या एका वकिलांनीं फी न घेतां अर्जाचा मसुदा करून दिला आहे. इस्पितळांतल्या त्या तीन आठवड्यांचे कागद मागविण्यासाठीं माहितीच्या अधिकाराखालीं अर्ज गेला आहे. आणि मुलगा रोज रात्रीं, जिनिंगला जाण्यापूर्वीं, एका दोनशें पानी वहींत वडिलांचा दिवस लिहून ठेवतो: किती पावलें चालले, किती वेळ बसले, दुसऱ्या दिवशीं किती वाजतां उठले. पहिल्या चाळीस पानांचें इंग्रजी भाषांतर आम्हीं केलें आहे. पुढचीं चालू आहेत.